विंचू नेमका कशाने उतरला? एका प्रश्नाचा इतिहास

१/ पऱ्हाट्यांचा भारा उचलताना, गोठ्यातला दगड हलवताना किंवा अंधारात चपलेत पाय घालताना विंचू डसावा, हे वाशिम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावांना नवे नाही. वऱ्हाडी बोलीतला हा ‘इचू’ उतरवण्याचे उपायही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत: मंत्र, अंगारा, आघाड्याचे मूळ, उगाळून लावलेला चिंचोका. आणि माणूस बहुधा सकाळपर्यंत बराही होतो. मग प्रश्न उरतो, की विंचू नेमका कशाने उतरला? आजचा धागा या एका प्रश्नाचा इतिहास आहे.

२/ प्रश्न किरकोळ वाटेल; पण ‘अमुक उपायाने रोगी बरा झाला’ असे म्हणायला किती पुरावा पुरेसा, या वादातूनच आधुनिक वैद्यकीय संशोधन उभे राहिले. महाराष्ट्रात या वादाचा माग काढत गेलो, तर वाटेत भायखळ्याचा तुरुंग लागतो, परळची प्रयोगशाळा लागते आणि शेवटी महाडजवळचे एक प्राथमिक आरोग्य केंद्र लागते. याच क्रमाने पुढे जाऊ.

३/ आधी विंचवाची ओळख. मोठा काळा विंचू, ज्याला अनेक ठिकाणी इंगळी म्हणतात, दिसायला भयंकर असतो. त्याचा दंश असह्य दुखतो, पण जिवावर क्वचितच बेततो. खरा धोका जेमतेम दोन-तीन इंचांच्या तांबूस विंचवाचा. त्याचे शास्त्रीय नाव ‘मेसोब्युथस टॅम्युलस’. अलीकडे त्याला ‘हॉटेन्टोटा’ या प्रजातीत घालतात. त्यातही गोम अशी, की लाल विंचू डसलेल्या बऱ्याच जणांना केवळ वेदना होतात आणि त्या आपोआप ओसरतात. काहींच्याच बाबतीत विष सर्वांगात भिनून हृदयापर्यंत पोहोचते.

४/ येथे साधे गणित करून पाहू. आकडे केवळ समजण्यापुरते घेतले आहेत. समजा, शंभर दंशांपैकी पंचाण्णव जण काहीही न करता बरे होणार आहेत. हे शंभर जण एकाच मांत्रिकाकडे गेले, तर त्याच्या नावावर पंचाण्णव यशे जमा होतील. उरलेल्या पाचांसाठी ‘फार उशिरा आणला’ हे कारण तयार असते. मांत्रिक लबाड असण्याचीही गरज नाही. त्याचा स्वतःच्या मंत्रावर मनापासून विश्वास बसेल, कारण त्याच्या डोळ्यांसमोर माणसे खरोखरच बरी झालेली असतात.

५/ या सापळ्यातून सुटण्याचा मार्ग एकच: तुलना. उपाय केलेल्या माणसांचे काय झाले, एवढे पाहून भागत नाही. तशाच अवस्थेतील, पण तो उपाय न केलेल्या माणसांचे काय झाले, हेही मोजावे लागते. आज ही गोष्ट सोपी वाटते. शतकानुशतके जगभरच्या वैद्यांनी मात्र ती क्वचितच केली. रक्त काढणे हा युरोपातील मान्यवर उपचार एवढा दीर्घकाळ टिकला, याचे एक कारण हेच, की त्याची अशी मोजणी फार उशिरा झाली.

६/ महाराष्ट्रातील अशा तुलनेचे गाजलेले उदाहरण प्लेगच्या साथीतले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील खोलीवजा प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली गेली. बाकीचे तसेच राहिले. एकच इमारत, एकच अन्न, एकच साथ. पुढील दिवसांत लस घेतलेल्यांमध्ये प्लेग कमी आढळला आणि मृत्यूही कमी झाले.

७/ तुलना झाली, पण तिच्यात एक फट होती. लस घ्यायला स्वतःहून पुढे येणारा कैदी आणि मागे राहणारा कैदी सारखेच असतात का? पुढे येणारा कदाचित अधिक धट्टाकट्टा असेल. मागे राहणाऱ्याला कदाचित आधीच कणकण असेल आणि म्हणून तो नको म्हणत असेल. तसे असेल, तर फरक लसीचा की माणसांचा? शिवाय गजाआडच्या माणसाची संमती कितपत मोकळी मानावी, हा प्रश्न आहेच. पुरावा आणि नीती यांची ही ओढाताण या इतिहासात वारंवार भेटते.

८/ हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव मिळाले. आपला विंचू येथे पहिल्यांदा प्रयोगशाळेत येतो. डॉ. कृ. श्री. म्हसकर आणि येशूसंघी धर्मगुरू फादर केयस यांनी देशी वनौषधींची कसून परीक्षा आरंभली. सर्पदंशावर गुणकारी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पती त्यांनी तपासल्या. १९३१ मध्ये सर्पदंशावरील आणि १९३२ मध्ये भारतीय विंचवांवरील त्यांचे प्रबंध प्रसिद्ध झाले.

९/ निष्कर्ष कठोर होता. सर्पविषावर यांतील एकही वनस्पती उतारा ठरली नाही. घरोघरी विंचवावर वापरला जाणारा आघाडाही विंचवाच्या विषापुढे निष्प्रभ ठरला. लक्षात घ्या, हे काम देशी ज्ञानाची हेटाळणी करण्यासाठी झाले नव्हते. शेकडो वनस्पती गोळा करून एकेकीला संधी देणे, हा त्या ज्ञानाला दिलेला आदरच होता. मात्र आदराने परीक्षा घेतली, की निकालही मान्य करावा लागतो. दुर्दैवाने हे प्रबंध ग्रंथालयांत राहिले आणि आघाड्याचे मूळ गावोगावी उगाळले जातच राहिले.

१०/ त्या कामाला एक मर्यादाही होती. काय चालत नाही, हे कळले. काय चालते, हे कळले नाही. लाल विंचवाचा दंश झालेले मूल दवाखान्यात आणले, तर डॉक्टरांनी नेमके काय करावे? या प्रश्नाला पुढची पन्नास वर्षे समाधानकारक उत्तर नव्हते. तोवर जगात औषधे पारखण्याची पद्धत मात्र बदलत होती. ती समजून घेऊ, कारण तिचा धागा पुढे थेट महाडला जोडला जाणार आहे.

११/ १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. कोणत्या रुग्णाला औषध मिळणार, हे डॉक्टर ठरवत नव्हते, रुग्णही ठरवत नव्हता. ते आधीच यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसे ठरलेले असे आणि बंद पाकिटात असे. औषध व विश्रांती मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ जण दगावले. केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ जणांपैकी १४. भायखळ्याच्या तुलनेतील फट या चिठ्ठीने बुजवली. धट्टेकट्टे आणि अशक्त दोन्ही गटांत सारखेच विखुरले जाऊ लागले.

१२/ आता कोकणात येऊ. १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी साचण्याबद्दल लिहिले होते. विंचवाने माणूस मरतो तो वेदनेने नव्हे. हृदय आणि फुफ्फुसे कोलमडल्याने मरतो, ही दिशा त्यातून दिसली. तरीही कोकणच्या खेड्यांत मृत्यू होतच होते. भातशेती, गवताचे भारे, जांभ्या दगडाचे गडगे, अनवाणी पाय आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. त्यात बळी जात ते बहुतेक लहान मुलांचे.

१३/ १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. हा भाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. रायगड हे नाव १९८१ मधले. डॉक्टरांचे नाव हिंमतराव बावस्कर. जन्म १९५१ चा, आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावचा. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून, मिळेल ती कष्टाची कामे करत ते नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचले होते. तो प्रवास त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात सांगितला आहे. मराठवाड्याचा मुलगा, विदर्भातले शिक्षण आणि कर्मभूमी कोकण.

१४/ बिरवाडीत त्यांच्यासमोर विंचूदंशाचे रुग्ण येऊ लागले आणि दगावूही लागले. पाठ्यपुस्तकांत याबद्दल फार थोडे होते. अशा वेळी दोन वाटा असतात. एक म्हणजे चालत आलेले उपचार करत राहणे आणि मृत्यूला नशीब म्हणणे. दुसरी म्हणजे रुग्णाशेजारी बसून तासातासाने काय घडते ते लिहून ठेवणे. बावस्करांनी दुसरी वाट धरली. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान, श्वास. महागडी यंत्रे नव्हती. वही, घड्याळ, रक्तदाबमापक आणि जागरण, एवढीच या संशोधनाची सामग्री.

१५/ नोंदी साठल्या तशी त्यांतून एक रेषा दिसू लागली. ज्यांचे हृदय पुढे संकटात येते, त्यांच्यात काही खुणा आधीच प्रकट होतात: उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, गार पडत जाणारे हातपाय, मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये लिंगाची अनैच्छिक ताठरता. ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात आली. याचे व्यावहारिक मोल मोठे होते. आता ‘दुखते किती’ यापेक्षा ‘घाम किती, हातपाय गार किती’ हे पाहून कोणता रुग्ण धोक्यात आहे, हे वेळेवर ओळखता येऊ लागले.

१६/ शरीरात घडते काय? मज्जातंतूंमध्ये सोडियमची ये-जा नियंत्रित करणारी सूक्ष्म दारे असतात. लाल विंचवाचे विष ही दारे बंद होऊ देत नाही. परिणामी मज्जासंस्था सतत उद्दीपित राहते आणि शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलताना हृदय थकते. थकलेल्या हृदयामागे रक्त तुंबते आणि फुफ्फुसांत पाणी भरू लागते. रुग्ण कोरड्या जमिनीवर बुडू लागतो.

१७/ त्या काळी दिले जाणारे उपचार अनेक होते: गुंगीची औषधे, स्टिरॉइड, ॲट्रोपीन, लघवी वाढवणारी इंजेक्शने. प्रत्येकामागे काही तर्क होता; पण या वादळाचा मूळ दोर कोणीच पकडत नव्हते. ॲट्रोपीनसारखे औषध तर हृदयाचा वेग आणि ताण वाढवून उलट परिणाम करू शकते. मांत्रिकाच्या गणिताचा नियम येथेही लागू होतो. सौम्य रुग्ण बरे होत, औषधाला श्रेय मिळे आणि अपायकारक औषधही वर्षानुवर्षे वापरात राही. पांढरा कोट घातल्याने हा सापळा टळत नाही.

१८/ बावस्करांचा पुढचा तर्क सरळ होता. रक्तवाहिन्या आवळल्याने हे सारे घडत असेल, तर त्या सैल करणारे औषध द्यावे. रुग्णालयात शिरेवाटे थेंबाथेंबाने देण्याचे सोडियम नायट्रोप्रुसाइड हे काम करते. पण त्यासाठी अखंड देखरेख लागते. खेड्यात ती कुठून आणायची? रक्तदाबावर वापरात आलेली प्राझोसिन नावाची गोळी मात्र होती. विंचवाच्या विषामुळे खवळलेले ‘अल्फा’ ग्राहक नेमके हेच औषध अडवते. गोळी तोंडाने द्यायची, किंमत थोडी आणि ठेवायला शीतकपाटही नको.

१९/ १९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांचा विंचूदंशातील प्राझोसिनविषयीचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ठरावीक तासांनी मात्रा द्यायची, रुग्णाला आडवे ठेवायचे, कारण पहिल्या मात्रेने रक्तदाब एकदम उतरू शकतो, आणि हातपाय उबदार होईपर्यंत लक्ष ठेवायचे. पूर्वी तीव्र विषबाधेच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास सांगितले जाई. प्राझोसिनचा वापर सुरू झाल्यानंतरच्या काळात ते चार टक्क्यांच्या खाली आल्याची नोंद आहे.

२०/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून एक शंका विचारली पाहिजे. हा पुरावा कोणत्या जातीचा? येथे ‘पूर्वीचे रुग्ण’ आणि ‘नंतरचे रुग्ण’ यांची तुलना आहे. चिठ्ठी टाकलेली नाही. मधल्या वर्षांत रस्ते सुधारले असतील, लोक लवकर येऊ लागले असतील, डॉक्टरांना लक्षणे आधी ओळखता येऊ लागली असतील. काही श्रेय त्यांचेही असू शकते. मग प्राझोसिनविना एक गट ठेवून चाचणी का केली नाही? विचार करा. समोर मूल गुदमरते आहे, खिशात गोळी आहे आणि शरीरशास्त्र सांगते आहे की ती लागू पडेल. अशा वेळी अर्ध्या मुलांना गोळी नाकारणे कोणत्या डॉक्टरला जमेल?

२१/ फरक फार मोठा आणि कारणाची साखळी स्पष्ट असेल, तेव्हा आधी-नंतरचा पुरावाही पुष्कळ बोलतो. प्राझोसिनच्या बाबतीत तसेच झाले आणि ही गोळी भारतात विंचूदंशावरचा रुळलेला उपचार ठरली. महाडला स्वतःचे रुग्णालय काढून बसलेले हे दांपत्य त्याच यशावर आयुष्यभर समाधानी राहिले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण एक प्रश्न उरला होता. प्राझोसिन विषाचे परिणाम अडवते. प्रत्यक्ष विष शरीरात फिरतच राहते. त्या विषालाच निकामी करणारी लस दिली तर?

२२/ अशी प्रतिविष लस घोड्यांपासून मिळते. घोड्याला विषाच्या अगदी अल्प मात्रा वाढवत वाढवत टोचतात आणि त्याच्या रक्तद्रवात तयार झालेली प्रतिद्रव्ये शुद्ध करून घेतात. लाल विंचवावरची लस भारतात तयार होऊ लागली, त्यात हाफकिनचे नाव पुन्हा भेटते. मात्र तिच्याविषयी जगभर मतभेद होते. १९९९ मध्ये ट्युनिशियातील ८२५ रुग्णांची चिठ्ठीने विभागलेली चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. विंचू डसलेल्या प्रत्येकाला सरसकट लस देण्याचा फायदा तीत दिसला नाही. अनेकांनी अर्थ काढला, की विंचवावरची लस निरुपयोगी आहे.

२३/ दहा वर्षांनी, २००९ मध्ये, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाची चाचणी आली. तीव्र लक्षणांची अवघी १५ मुले. लस मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली. लस न मिळालेल्या सातांपैकी एकच. मग खरे कोण? दोन्ही खरे असू शकतात. विंचवाची जात वेगळी, लस वेगळी आणि मुख्य म्हणजे रुग्ण वेगळे. ट्युनिशियाच्या गटात सौम्य रुग्णांचा भरणा होता. जे आपोआप बरे होणारच आहेत, त्यांच्यात लसीचा गुण दिसणार कसा? चौथ्या भागातले मांत्रिकाचे गणित येथे उलट्या दिशेने काम करते.

२४/ म्हणजे ट्युनिशिया किंवा ॲरिझोनाचे उत्तर आपल्या लाल विंचवाला उसने लावता येत नव्हते. ते येथेच शोधायला हवे होते. बावस्कर दांपत्याने महाडमध्ये ही चाचणी केली. संपूर्ण शरीरावर परिणाम झालेले, दुसऱ्या श्रेणीची विषबाधा असलेले ७० रुग्ण निवडले आणि यादृच्छिक पद्धतीने ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला केवळ प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि लस. वैद्यकनीतीचा पेच कसा सोडवला, ते पाहा: सिद्ध झालेली गोळी कोणालाही नाकारली नाही. परीक्षा होती ती तिच्यात घातलेल्या भरीची.

२५/ कशाला बरे होणे म्हणायचे, हेही ठरलेले होते: उपचारानंतर दहा तासांत घाम, लाळ, गार हातपाय, रक्तदाब व नाडीचे बिघाड हे सारे पूर्ववत होणे. निकाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली आला. लस आणि गोळी मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ववत झाले; केवळ गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८ जण. बरे होण्याचा सरासरी काळ पहिल्या गटात ८ तास, दुसऱ्या गटात १७.७ तास. दूरच्या खेड्यातून मूल घेऊन आलेल्या आईसाठी हा फरक एका अख्ख्या रात्रीचा आहे.

२६/ या चाचणीच्याही मर्यादा सांगायला हव्यात. रुग्ण ७० च, ठिकाण एकच आणि कोणाला काय दिले, हे डॉक्टरांना माहीत होते. अशा वेळी नकळत अनुकूल नोंद होण्याचा धोका असतो. म्हणून दुसऱ्या हातांनी पडताळा घेणे महत्त्वाचे. तो २०१४ मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेतून आला. तेथील डॉक्टरांनी मुलांवर यादृच्छिक चाचणी केली आणि लस व प्राझोसिन ही जोडी एकट्या प्राझोसिनपेक्षा सरस ठरल्याचे नोंदवले. दोन वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या हातांनी तेच उत्तर मिळाले.

२७/ या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती २०११ चीच घटना. ज्या गोळीने बावस्करांचे नाव जगभर पोहोचले, तीच एकटी पुरेशी आहे का, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उभा केला. चिठ्ठीवर निर्णय सोपवला आणि ‘एकटी पुरेशी नाही’ हे उत्तर स्वतःच्या नावाने छापले. स्वतःच्या कीर्तीला अशा रीतीने परीक्षेला बसवणारी माणसे कोणत्याही क्षेत्रात थोडीच असतात. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२८/ आपण इतिहास वाचणारे लोक. बखरीतले एखादे वाक्य आपण लगेच मानत नाही. कोणी लिहिले, कधी लिहिले, त्याचा स्वार्थ काय आणि दुसऱ्या साधनांशी ते जुळते का, हे विचारतो. ‘या औषधाने गुण आला’ हेही एक साधनच समजावे. ते कोणाशी ताडून पाहिले? गट कोणी पाडले? रुग्ण सौम्य होते की गंभीर? दुसऱ्या कोणी पडताळा घेतला का? व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या प्रत्येक ‘रामबाण’ उपायाला हे चार प्रश्न विचारले, तरी या धाग्याचे काम झाले.

२९/ आता पुन्हा रिठदच्या त्या पऱ्हाट्यांच्या भाऱ्याकडे. हा सारा इतिहास शेवटी तेथे उपयोगी पडला पाहिजे. विंचू डसल्यावर कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. उलटी, दरदरून घाम किंवा गार हातपाय दिसले, तर मंत्राची वाट न पाहता तडक दवाखाना गाठावा. लहान मूल असेल, तर लक्षणे दिसण्याचीही वाट पाहू नये. कोणावर राग धरण्याचे कारण नाही. आघाडा उगाळणाऱ्या आजीच्या हातात माया होतीच. पण मुलाचे प्राण पहिल्या काही तासांवर अवलंबून असतात आणि ते तास उगाळण्यात जाऊ नयेत.

३०/ तेव्हा विंचू कशाने उतरला? बहुतेकांचा आपोआप उतरला. ज्यांचा आपोआप उतरणार नव्हता, त्यांच्यासाठी परळच्या प्रयोगशाळेपासून महाडच्या रुग्णालयापर्यंत कोणीतरी मोजत बसले होते, म्हणून उतरला. धागा येथे संपला. आपल्या गावी विंचवावर कोणते उपाय सांगितले जातात, ते खाली जरूर लिहा. आणि लिहिताना ते कोणी, कशाशी ताडून पाहिले होते का, हेही आठवून पाहा.